अणुनिहाय गुणधर्म मोजताना पहिली पावले

आपण काजूच्या टरफलातील तेलावर काम करत असून, त्यातील रेणूंच्या प्रत्येक अणूचे गुणधर्म मोजण्यासाठी आरडीकिटमध्ये (रेणूंवर संगणकाने काम करण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये) भर कशी घालावी असे विचारले आहे, हे वाचून आनंद झाला. गोव्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचा विषय कोणता? अशी भर घालायची, तर आरडीकिटचा गाभा ज्या सी प्लस प्लस भाषेत आहे तिला तूर्त हात लावू नये. पायथनमध्ये लहानसे फंक्शन लिहून प्रत्येक अणूचे मूल्य त्याच अणूवर गुणधर्म म्हणून नोंदवावे, एवढे सुरुवातीला पुरे आहे.

सर्वाधिक घोटाळा हायड्रोजनचा होतो. इथेनॉलचे स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याची पद्धत) वाचल्यावर ३ अणू दिसतात, हायड्रोजन जोडल्यावर ९. म्हणून ते न जोडता केलेली क्रिपेन योगदानांची (क्रिपेन पद्धतीने लॉग-पीमध्ये प्रत्येक अणूचा धरलेला वाटा) बेरीज संपूर्ण रेणूच्या लॉग-पीशी (रेणू पाण्यापेक्षा तेलकट द्रावकात किती विरघळतो याचे माप) जुळत नाही आणि नवखा माणूस निष्कारण सूत्रावर संशय घेतो. आरडीकिटमध्ये रेणूतील अणूंचे निर्देशांक (इंडेक्स) शून्यापासून सुरू होतात, तेही ध्यानात असू द्यावे.

पडताळणी मात्र पहिल्या दिवसापासून करावी. काजूच्या टरफलातील तेलात असणाऱ्या अनाकार्डिक आम्लात ध्रुवीय पृष्ठक्षेत्रफळाचे (रेणूच्या पृष्ठभागाचा ध्रुवीय अणूंनी व्यापलेला भाग) योगदान कार्बोनिल ऑक्सिजनचे १७.०७ आणि दोन्ही हायड्रॉक्सिल ऑक्सिजनचे प्रत्येकी २०.२३ येते, म्हणजे एकूण ५७.५३ चौरस अँगस्ट्रॉम. आपले फंक्शन हीच बेरीज देते का, हे पाहून मगच मोठ्या रेणूंकडे वळावे.