गुडघ्याजवळची गाठ, आणि सुईची भीती

"सुई टोचली की गाठ पसरते म्हणत्यात, खरं काय मॅडम?" बेळगावात काम करताना हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एका पोरीची गोष्ट सांगते, नावगाव सांगत नाही.

खानापूरकडची, 26 वर्षांची, नुकतं लग्न झालेलं. गुडघ्याच्या वर सहा महिने ठणका, घरच्यांनी वात म्हणून तेल लावून चोळून घेतलं आणि सूज वाढतच गेली. शेवटी एक्स-रे काढला तर जायंट सेल ट्यूमर या हाडातल्या गाठीचा संशय, बायोप्सी करा म्हणाले, म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. माझ्याकडं आली ती सासूबाईंबरोबर, एक्स-रे साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि पोरगी खाली बघून गप्प. सासूबाईच बोलायल्या, "ट्यूमर म्हणजे कॅन्सरच की, पाय कापतील बगा."

मी फिल्म खिडकीसमोर धरली. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, सांध्याला लागूनच काळपट डाग. म्हटलं मावशी, ही गाठ बहुतेक 20 ते 40 वयात येते आणि गुडघ्याजवळच जास्त, कॅन्सर नव्हे, पण सोडून द्यायची पण नव्हे, हाड आतनं पोखरते आणि साध्या घसरण्यानं मोडू शकतं. आता चोळायचं बंद. (वाढत्या वयातल्या पोरांना हाडावर टणक उंचवटा येतो, ऑस्टिओकाँड्रोमा, तो दुखत नसला तर नुसती नजर ठेवतात, सगळ्याच गाठी सारख्या नसतात.)

सुईचं म्हणाल तर बायोप्सीशिवाय गाठ नक्की कुठली ते कळत नाही. फक्त एमआरआय आधी करायचा, आणि सुई ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्याच सल्ल्यानं लावायची, कारण सुईची वाट पुढच्या चिरेच्या रेषेतच यावी लागते. भलत्या जागी टोचलं तर खरंच घोळ होतो, भीती उगीच आलेली नाही.

सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या तसं पोरीनं हळूच विचारलं, "मला मूल होईल काय?" इतका वेळ तिच्या मनात हेच होतं. या गाठीमुळं मूल होत नाही असं काही नाही म्हटलं, पण आधी उपचार, काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ती रडली, मग बायोप्सीच्या सहीला तयार झाली.

बायोप्सीत जायंट सेलच निघाला. छातीचा पण एक्स-रे काढला, कारण क्वचित ही गाठ फुफ्फुसात जाते, तो क्लिअर होता. गाठ खरवडून काढली, पोकळीत बोन सिमेंट भरलं, पाय वाचला. परत उगवायची शक्यता पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, त्यामुळं तपासणी चुकवायची नाही हे मी सासूबाईंनाच बजावलंय, आणि आता तारखा त्या स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.