वेळापत्रकाच्या आधी दिवसाचं पान

तुम्ही विचारलंय की यंदा पहिल्यांदाच सहावी-सातवीचे वर्ग मिळाले, मुलांकडून वर्षाची ध्येयं लिहून घेतली, प्रत्येकाला वेळापत्रक करून दिलं, आठवडाभर सगळं छान चाललं आणि मग बंद पडलं. या वयाच्या मुलांना स्वतःचं स्वतः नियोजन करायला शिकवता येतं का, आणि कसं?

येतं. मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सतरा वर्षं सहावी ते आठवीला शिकवते आहे. पहिली तीन वर्षं मीही तुमच्यासारखंच करत होते. जूनमध्ये कार्डशीटवर सुंदर अक्षरात वेळापत्रक: पहाटे ५ ला उठणे, ५.३० ते ६.३० पाठांतर, संध्याकाळी ६ ते ८ गृहपाठ. जुलैपर्यंत त्या कार्डशीटकडे कुणी ढुंकून बघत नसे. मुलं टाळाटाळ करतात असं मला वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत माझ्या वर्गातली निम्मी मुलं गोठ्यात, डेअरीवर किंवा नळावर असतात. मी ज्या दिवसासाठी वेळापत्रक केलं होतं, तसा दिवस त्या गावात कुणाच्याच घरी नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की ध्येय हा शब्दच पहिले दहा-बारा दिवस वर्गात काढू नका. आधी दिवस लिहून घ्या. शंभर पानी वही, मधोमध रेघ, डावीकडे वेळ आणि उजवीकडे त्या वेळेत खरोखर काय केलं ते. घरात घड्याळ नसेल किंवा बघायची सवय नसेल तर खुणांनी लिहू द्या. माझ्या मुलांच्या वह्यांत ‘नळ आल्यावर’, ‘मुक्कामी एसटी आली तेव्हा’, ‘आजीची मालिका सुरू असताना’ अशा वेळा असतात आणि त्या अगदी पक्क्या असतात.

पहिल्या दिवशी मुलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहितात. ‘उठलो, देवाला नमस्कार केला, अभ्यास केला, शाळेत आलो, अभ्यास केला.’ त्यावर रागावू नका. मी त्या दिवशी माझा स्वतःचा आदला दिवस फळ्यावर लिहिते, भाजी करपली ते आणि मोबाईल बघण्यात पाऊण तास गेला तेही. दुसऱ्या दिवशीपासून वह्यांत खरं उतरायला लागतं. त्या पानांवर लाल पेन चालवायचा नाही, शुद्धलेखनसुद्धा तपासायचं नाही, हे मी कसोशीने पाळते.

ही पानं काय दाखवतात ते एका प्रसंगावरून सांगते. एकाच घरातली दोन मुलं माझ्याकडे होती, बहीण आठवीत आणि भाऊ सहावीत. पालकसभेला त्यांची आई आली आणि म्हणाली, “बाई, पोरगी हुशार हाय, पण यंदा पुस्तकच उघडत न्हाई.” मी काहीच बोलले नाही, दोघांच्या वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. मुलीच्या पानावर पाणी भरणं, भाकरी, भांडी, धाकट्याचा डबा, शाळा, पुन्हा भांडी, शेळ्या, स्वयंपाकाला हात. स्वतःचं म्हणून जे काही होतं तो रात्री जेवणानंतरचा जेमतेम अर्धा तास. मुलाच्या पानावर शाळेव्यतिरिक्त ‘खेळलो’ चार वेळा होतं. ती माऊली बराच वेळ दोन्ही पानांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “पाणी आता ह्यानं भरायचं.” नळाच्या दिवशी मुलीला अर्धा तास मिळाला. फार मोठा बदल नव्हता, पण तो मी सांगून झाला नसता. मुलींच्या बाबतीत हे आधी तपासाच. जिच्याकडे वेळच नाही तिला वेळेचं नियोजन शिकवणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवणं आहे.

आता ध्येयाकडे. तुम्ही वर्षाची ध्येयं लिहून घेतलीत, तिथेच गाडी अडली असं मला वाटतं. अकरा ते चौदा या वयात वर्ष फार लांब असतं. पुढचा विचार करून आत्ताचा मोह आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे सातवीतल्या मुलाला मार्च महिना आपल्याइतका जवळ दिसत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही.

१९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी गणितात खूप मागे असलेल्या ४० मुलांवर एक प्रयोग केला होता. ती तुमच्या मुलांपेक्षा लहान होती, साधारण सात ते दहा वर्षांची. वजाबाकीची ४२ पानं सात बैठकांमध्ये स्वतःची स्वतः शिकायची होती. काहींना सुचवलं, रोज निदान सहा पानं करा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपवा. हिशेब एकच आहे. पण रोज सहा पानांची मुलं सरस ठरली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि वजाबाकीची गोडीही वाढली. ४२ पानांच्या लांबच्या ध्येयाचा मात्र जवळजवळ काही उपयोग दिसला नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या भिंतीवरची कार्डशीटं मला आठवली.

आमच्याकडे आठवीला एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पात्र ठरून निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्या गावातल्या घराला ही रक्कम मोठी आहे, म्हणून घरचे म्हणतात, “यंदा एनएमएमएस काढायचीच.” मूल मान डोलावतं. पण ‘एनएमएमएस काढायची’ हे सोमवारी संध्याकाळी करता येण्यासारखं काम नाही. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय क्षमतेचे ९०, त्यातले ३५ विज्ञानाचे, ३५ समाजशास्त्राचे, २० गणिताचे. हे फळ्यावर मांडून मुलांना विचारायचं, या आठवड्यात यातलं काय धरशील? कुणी म्हणतं, आकृत्यांचे रोज पाच प्रश्न. बस, आठवड्याचं ध्येय तेवढंच.

ध्येय मुलाच्या हातातलं हवं. ‘गणितात ८० गुण’ पूर्णपणे त्याच्या हातात नाही. प्रश्नपत्रिका मी काढते, तपासते मी. ‘रोज अपूर्णांकांची तीन उदाहरणं सोडवीन’ हे त्याच्या हातात आहे. मुलांना हा फरक पटकन समजतो, मोठ्यांनाच वेळ लागतो. आणि ध्येय अभ्यासाचंच हवं असंही नाही. एका मुलीने लिहिलं होतं, ‘परिपाठात एकदा उभी राहून बातमी वाचीन.’ तिला सगळ्यांसमोर बोलताना घाम फुटायचा. तिने तीन आठवडे तेच ध्येय पुन्हा पुन्हा लिहिलं आणि चौथ्या आठवड्यात वाचली. मी त्या तीन आठवड्यांत तिला एकदाही टोकलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ठरवलेलं होण्यासाठी ते कुठे आणि कशानंतर करायचं हे आधीच ठरवावं लागतं. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलं की काम पार पडण्याची शक्यता चांगलीच वाढते, असं त्याचं म्हणणं. माझ्या वर्गात आम्ही याला ‘झालं की’ म्हणतो.

सातवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘रोज इंग्रजीचे पाच शब्द पाठ करीन.’ पहिला आठवडा शून्य. दुसरा शून्य. तिसऱ्या शनिवारी मी त्याच्याशेजारी बाकावर बसले आणि म्हटलं, तुझं दिवसाचं पान काढ. संध्याकाळी सहाला तो सायकलवर किटली अडकवून डेअरीवर जातो, परत येईपर्यंत साडेसात. मी विचारलं, दीड तास कसा लागतो, डेअरी तर चावडीजवळ आहे. म्हणाला, “बाई, रांग असते ना. फॅट लावायचं मशीन एकच आहे.” मग त्याचा त्यालाच शोध लागला. “बाई, रांगेत मी नुसताच उभा असतो.” त्याने वहीत लिहिलं, ‘डेअरीच्या रांगेत किटली खाली ठेवली की पाच शब्द.’ शब्द कशावर लिहिणार हेही त्यानेच ठरवलं. आदल्या दिवसाची दुधाची पावती, पुढे फॅट आणि लिटर, मागची बाजू कोरी. पुढच्या शनिवारी त्याने खिशातून चुरगळलेल्या चार पावत्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. सहा हव्या होत्या, चार होत्या. एकीवर दुधाचा डाग होता, ‘नेसेसरी’चं स्पेलिंग चुकलं होतं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. ते नियोजन संपूर्ण त्याचं होतं. डेअरीतली रांग मला बाहेरून कधीच दिसली नसती.

शनिवारची सकाळची शाळा आम्ही यासाठी वापरतो, शेवटची वीस मिनिटं. मूल आपलं आठवड्याचं पान शेजारच्याला दाखवतं आणि शेजारी एकच प्रश्न विचारतो: कुठे अडलं? ‘का नाही केलंस?’ हा प्रश्न आमच्या वर्गात बंद आहे. त्याला मुलं उत्तर देत नाहीत, खाली बघतात किंवा सबब शोधतात. ‘कुठे अडलं’ विचारलं की खरी कारणं येतात. लाईट गेली. पाहुणे आले. उदाहरण समजलंच नाही. कंटाळा आला, हेही येतं आणि ते चालतं. मग पुढच्या आठवड्यासाठी एक तर ध्येय लहान करायचं, नाहीतर जागा बदलायची, नाहीतर तेच पुन्हा लिहायचं. ध्येय लहान करणं म्हणजे हार नव्हे, हे मुलांना मला अनेकदा सांगावं लागतं, कारण घरी आणि शाळेत त्यांनी नेहमी उलटं ऐकलेलं असतं.

भिंतीवर कुणी किती पूर्ण केलं याचा तक्ता लावू नका. मी एक वर्ष लावला होता, चांदण्या चिकटवून. तीन आठवड्यांत मागची मुलं सोपी-सोपी खोटी ध्येयं लिहायला लागली आणि पुढची मुलं चांदण्या मोजायला लागली. तो काढला तेव्हा वह्यांत पुन्हा खरं यायला लागलं.

आठवण करून देणं म्हणजे मुलांना परावलंबी करणं असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. या वयात बाहेरून आठवण लागतेच, फक्त ती हळूहळू काढून घ्यायची. पहिल्या सत्रात मी रोज परिपाठानंतर विचारते, दिवाळीनंतर सोमवारी आणि गुरुवारी, मार्चमध्ये फक्त शनिवारी. वर्षअखेर माझ्या वर्गातली साधारण एक तृतीयांश मुलं न विचारता स्वतःहून वही उघडतात. बाकीच्यांना विचारावं लागतं, आणि पुढच्या वर्गातही लागेल, म्हणून पुढच्या वर्गशिक्षकांना मी ते सांगून ठेवते.

तुमच्या हातात आत्ता जी बंद पडलेली वेळापत्रकं आहेत ती फेकू नका. मुलांना परत द्या आणि सांगा, यातलं तुमच्या घरी जे होऊच शकत नाही त्यावर काट मारा. का मारली ते शेजारी दोन शब्दांत लिहा. माझ्या अनुभवाने निम्म्याहून जास्त ओळींवर काट येईल. उरलेल्या ओळींमधून प्रत्येकाला एकच निवडू द्या आणि सोमवारपासून तेवढीच धरा.