घरात अहिराणी, शाळेत इंग्रजी. पोरगं बोलत का नाही?

जळगावच्या कडेकडेनं वाढलेल्या कॉलन्यांमधून जे आईबाप पोरांच्या बोलण्याची काळजी घेऊन माझ्याकडे येतात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, घरात तीन-चार भाषा चालतात, पोरगं गोंधळून गेलंय. सगळं बंद करून एकटं इंग्रजीच ठेवू का?” पिंप्राळ्याकडच्या अशाच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला अंशू म्हणू.

अंशू साडेतीन वर्षांचा. वडील एमआयडीसीत चटईच्या कंपनीत. आजी अमळनेरकडची, तिची अस्सल अहिराणी. आईचं माहेर तापीपलीकडे यावलला, तिकडची बोली आणखी वेगळी. नवरा-बायको आपसात मराठी बोलतात आणि शेजारी हिंदी. जूनमध्ये पोराला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं. दिवाळी आली तरी वर्गात त्यानं तोंड उघडलं नव्हतं. शाळेनं सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला. मग घरात तसा कायदाच झाला. पण आईवडिलांना सहज येणारं इंग्रजी म्हणजे ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’, ‘डोन्ट टच’. नुसते हुकूम. आजीला तेवढंही येईना. सून डोळे वटारायची म्हणून ती गप्प राहायला लागली आणि तिच्या जागी मोबाईल आला.

मी आधी कान तपासून घ्यायला सांगितलं. सारखी सर्दी होऊन कानात पाणी साठलं तरी बोलणं मागे पडतं, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. अंशूचे कान ठणठणीत निघाले.

पुढच्या वेळी आजीला सोबत बोलावलं. आल्या आल्या म्हणाल्या, “मना नातू मुका नही शे, ताई.” (माझा नातू मुका नाही.) मी वही उघडली आणि अंशू घरात काय काय बोलतो ते भाषा न बघता लिहून काढायला बसले. आई सांगत होती ते शब्द मोजकेच: ‘ॲपल’, ‘बॉल’, ‘कार’. आजी सुरू झाल्या आणि पान भरलं, मग दुसरं. ‘माले पानी दे.’ ‘बाबा उना’, म्हणजे आला. ‘आठे ये’, म्हणजे इकडे ये. हिंदीतलं ‘चलो’ आणि ‘मेरा है’ शेजारच्या पोरांकडून आलेलं. दोन-तीन शब्दांची वाक्यं होती ही. आई वहीकडे बघत राहिली. तिनं हे सगळं रोज ऐकलं होतं, पण मोजलं मात्र नव्हतं.

एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलायला लागत नाही. अशा मुलाचे शब्द भाषांमध्ये वाटले गेलेले असतात, म्हणून बेरीज सगळ्या भाषांची करायची. एका वाक्यात दोन भाषांची सरमिसळ होणं हेही नेहमीचंच. आपण मोठे दिवसभर तेच करतो. आणि नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं वर्गात काही महिने नुसती ऐकत राहतात. अंशूचं तेच चाललं होतं. काळजी मला वेगळीच वाटली: त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारणारं घरातलं एकमेव माणूस आपणच गप्प केलं होतं.

वडिलांना हे पटेना. “गावठी बोलून पुढे मुलाखतीत काय करेल?” मला या प्रश्नाचा राग येत नाही, अहिराणी बोलल्यावर हसलेली माणसं त्यांनी कंपनीत पाहिली असतील. पण 2011 च्या जनगणनेत खानदेशी भाषा बोलणारे (यात अहिराणीही धरलीय) साडेअठरा लाखांवर आहेत, आणि त्यांची पोरं इंजिनिअर, डॉक्टर होतातच की. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय.

ठरलं ते साधंच. आजीनं अहिराणीतच बोलायचं, शेंगा सोलतानाही. आईनं मराठीत गोष्टी सांगायच्या. शाळेतली इंग्रजी गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची. मोबाईल दिवसातून तासाच्या आत; या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच मर्यादा आहे. वर्गशिक्षिकेला मी चिठ्ठी दिली, की त्याला बोलायची सक्ती नको, बोट दाखवून उत्तर दिलं तरी चालवून घ्या. बाई समजूतदार निघाल्या.

संक्रांतीच्या सुमारास अंशू वर्गात बोलला, हिंदीत, शेजारच्या पोराशी पेन्सिलीवरून भांडताना. इंग्रजी अजून तुटकच आहे. वडील अधूनमधून कुरकुरतात, पण आजीला कोणी अडवत नाही.

प्रत्येक मूल असंच असतं असं मात्र समजू नका. दोन वर्षांचं होऊनही कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या बोलींतले शब्द कागदावर लिहून न्या, आणि जमलं तर आजीलाही न्या.