कोल्हापुरात माझी तीन फुटी फिशटँक आहे, एंजल मासे आहेत, हीटर कायम ३० अंशांवर असतो. दुकानातून आणलेली झाडे महिनाभरात पिवळी पडून कुजतात आणि लाइट वाढवला की शेवाळ येते. कोणती झाडे लावावीत आणि ती कशी टिकवावीत?

तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा तुम्ही जाता जाता सांगितलेल्या गोष्टीत आहे, ती म्हणजे हीटर कायम ३० अंशांवर असणे. पाण्यातले झाड प्रकाशात अन्न तयार करते आणि श्वसनासाठी ते रात्रंदिवस खर्च करते. पाणी तापले की श्वसनाचा वेग झपाट्याने वाढतो, पण अन्न तयार होण्याचा वेग प्रकाश आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या मर्यादेतच राहतो. अशा वेळी झाडाची जमा तेवढीच राहते, खर्च मात्र वाढत जातो, आणि साठा संपला की जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. वरून पाहणाऱ्याला वाटते की प्रकाश कमी पडतो आहे. म्हणून तो लाइट वाढवतो, आणि थकलेल्या झाडाला न वापरता आलेला तो प्रकाश शेवाळ वापरते.

म्हणून झाडे बदलण्याआधी हीटर २६ अंशांवर आणा, रोज एक अंश याप्रमाणे हळूहळू. एंजलला २६ अंश पूर्ण मानवतात. ३० अंशांच्या आसपासचे तापमान लागते ते डिस्कस या माशाला. पाणी थोडे थंड झाल्याचा लाभ माशांनाही होतो, कारण २० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो आणि ३० अंशांना तोच साडेसातच्या आसपास येतो. रात्री झाडेही प्राणवायूच घेत असल्याने, दाट झाडांच्या उष्ण टाकीत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतात. एअर पंप दिवसा बंद आणि रात्री सुरू ठेवावा असे मी सुचवेन; दिवसभर बुडबुडे सुरू ठेवले तर झाडांना हवा असलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो.

आपल्याकडे हीटरची खरी गरज थंडीत आणि पावसाळ्यातल्या गार दिवसांत असते. एप्रिल-मे महिन्यांत हीटर बंद असूनही पाणी ३० च्या पुढे जाऊ शकते. त्या दिवसांत टाकीचे झाकण काढून, वर जाळी टाकून, पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. कमी झालेले पाणी मात्र रोज भरत राहावे लागते.

आता झाडांची निवड. उन्हाळ्यातले चढे तापमानही सोसणारी आणि सुरुवात करणाऱ्याला साथ देणारी झाडे म्हणून मी चार नावे घेईन : अनुबियास, व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोराइन वेंड्टी आणि अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड. अनुबियास पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांकाठचे, संथ वाढणारे आणि कमी प्रकाशात समाधानी राहणारे झाड आहे. त्याचे जाड आडवे खोड वाळूत पुरू नका, ते हमखास कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा, मुळे स्वतःच पकड घेतील. जावा फर्नलाही हाच नियम लागू आहे, पण ते २८ अंशांच्या वर कुरकुर करते, म्हणून मी त्याला दुसऱ्या फळीत ठेवतो. व्हॅलिस्नेरियाचे रोप लावताना पाने आणि मुळे यांच्या सांध्याचा पांढरट भाग वाळूच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला तर रोप सडते. बोअरच्या कठीण पाण्यातही ते आनंदाने वाढते, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ते कार्बन घेऊ शकते. मात्र बाजारात 'लिक्विड कार्बन' नावाने जे द्रावण मिळते त्याने व्हॅलिस्नेरियाची पाने वितळतात, ते या टाकीत घालू नका.

क्रिप्टोकोराइनबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण टाकून दिल्या जाणाऱ्या झाडांत हे सर्वांत वर असेल. श्रीलंकेतून आलेले हे झाड जागा, पाणी किंवा प्रकाश बदलला की आपली पाने सोडून देते. पान आधी काचेसारखे पारदर्शक होते, मग त्याला भोके पडतात आणि चार दिवसांत ते लगद्यासारखे विरघळते. अशा वेळी झाड उपटून फेकू नका. सडलेली पाने तेवढी कात्रीने काढा आणि एखादे रोप हलकेच उचलून मुळे पाहा : मूळ घट्ट आणि पांढरे असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी, पोकळ आणि दुर्गंधीयुक्त असेल तर गेले. घट्ट मुळांच्या रोपाला तीन-चार आठवडे द्या, मधोमध गुंडाळलेले नवे पान टोक वर काढते. तुमची कुजलेली झाडे यातलीच असावीत अशीही शक्यता आहे. रोपवाटिकांत बहुतेक झाडे पाण्याबाहेर दमट हवेत वाढवतात. टाकीत आल्यावर ती जुनी पाने गळणारच, नवे पान कसे येते यावरच निर्णय घ्यावा.

लालभडक रोटाला आणि जमिनीवर गालिचा धरणारी बारीक पानांची झाडे दुकानात फार मोह घालतात, पण त्यांना तीव्र प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागते, म्हणून सध्या ती घेऊ नका. जलद वाढणारे काहीतरी मात्र हवेच, कारण पाण्यातली जास्तीची पोषकद्रव्ये तेच शोषून शेवाळाला आवर घालते. त्यासाठी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा हे आपल्याच देशातले झाड आणि वॉटर स्प्राइट उत्तम. आणखी एक सावधगिरी : लकी बांबू, ड्रॅसिना अशी जमिनीवरची झाडेही टाकीची म्हणून विकली जातात आणि पूर्ण बुडवली की काही आठवड्यांत सडतात.

मातीच्या बाबतीत कोल्हापूरकरांची सोय चांगली आहे. पन्हाळा-राधानगरीच्या बाजूची जांभ्याची लाल माती लोहाने समृद्ध असते आणि जांभा टाकीच्या तळाशी वापरण्याची पद्धत जगभरच्या हौशी लोकांत जुनी आहे. घराच्या आवारातली, खत न पडलेली माती घ्यावी, चाळून आणि धुऊन तिचा एक इंचाहून कमी थर द्यावा आणि त्यावर दोन इंच धुतलेली नदीची जाड वाळू घालावी. उसाच्या शेतातली माती मात्र कधीही घेऊ नका : तिच्यातला युरिया पाण्यात अमोनिया सोडतो आणि मासे दगावतात. अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड मुळांतून भरपूर खाते, म्हणून त्याच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी खोचा. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी आहे. जुन्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडत असतील तर पोटॅशियम कमी आहे.

लाइट ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा, साधा एलईडी पुरतो आणि रोज सहा-सात तासच, टायमर लावून. खिडकीतले थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नका. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवा किंवा क्लोरिन घालवणारे औषध वापरा. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ आले, तर ते निवळेपर्यंत बदल पुढे ढकलणे बरे.

झाडे कुठून आणावीत, याबद्दल एकच आग्रह. कासच्या पठारावरची किंवा सह्याद्रीच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, डबक्यांतली झाडे उपटून आणू नका. वायतुऱ्यासारख्या पाणवनस्पती तिथल्या काही मोजक्या जागांपुरत्याच उरलेल्या आहेत आणि कोरड्या ऋतूत त्या कंदाच्या रूपाने विसावतात, त्यामुळे बारमाही उष्ण टाकीत त्या जगतही नाहीत. तसेच छाटलेल्या फांद्या आणि जास्तीची रोपे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत टाकू नका. परदेशातून आलेल्या जलपर्णीने आपले पाणी कसे व्यापले आहे ते रोज डोळ्यांसमोर आहे. छाटणी उन्हात कडक वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळा.