जुनी बाइक विकून नवी घेतोय. पाच वर्षांचा ५० टक्के नो क्लेम बोनस नव्या बाइकला मिळेल का?

हो, मिळेल, कारण भारतातल्या मोटार विम्याच्या नियमांनुसार नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) गाडीला नसतो, मालकाला असतो. क्लेम न घेतलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो, त्यापुढे नाही. विक्रीचा आणि आरसी ट्रान्सफरचा पुरावा देऊन जुन्या कंपनीकडून एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नवी पॉलिसी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालतं. फक्त दुचाकीचा बोनस दुचाकीलाच लागतो, कारला नाही.

पण एकूण बिल निम्मं होईल, या हिशेबात राहू नका. सवलत फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर असते. समजा तो २,००० रुपये असेल, तर १,००० वाचतील. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा भाग मात्र जसाच्या तसा राहतो. नव्या बाइकला तो एकदम पाच वर्षांचा भरावा लागतो, त्यामुळे बिलात सगळ्यात मोठा आकडा बहुधा त्याचाच दिसेल. शोरूममधल्या कोटेशनमध्ये एनसीबीची ओळ आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा. पत्र आपणहून दिल्याशिवाय ती ओळ सहसा येत नाही.

आणि हो, हे पत्र घेण्याआधीच जुन्या बाइकची पॉलिसी संपून ९० दिवस उलटले असतील, तर बोनस गेलाच समजा. मधे क्लेम घेतला असेल तर तो लपवू नका. कंपन्या आपसांत खातरजमा करतात आणि खोटं निघालं तर ऐन अपघाताच्या वेळी क्लेम अडकतो.