हायब्रिड गाडीचे कोणते व्हेरिएंट घ्यावे?

इंदूरमध्ये विजयनगरहून राजवाड्याकडे रोजचे जाणे-येणे आणि अधूनमधून उज्जैन, एवढाच आपला वापर असेल, तर टॉप व्हेरिएंटची गरज मला दिसत नाही. टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (म्हणजे पेट्रोल इंजिनाखेरीज काही वेळ केवळ विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या प्रकारात) खालपासून वरपर्यंत १.५ लिटरचे तेच इंजिन आणि तीच बॅटरी असते, आणि एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा २७.९७ किलोमीटर प्रतिलिटर हा आकडाही सर्वांना सारखाच लागू होतो. म्हणजे जास्तीचे पैसे मायलेजसाठी नव्हे, तर केवळ सोयींसाठी मोजावे लागतात. त्यांतले मोठे सनरूफ इंदूरच्या मे महिन्यात बहुधा झाकलेलेच राहील. व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून हवा खेळवणाऱ्या, सीटचा मोह मात्र मी समजू शकतो. सहा एअरबॅग, स्थिरता-नियंत्रण आणि मागचा कॅमेरा खालच्या व्हेरिएंटमध्ये मिळत असल्यास तिथेच थांबावे, कारण नोंदणीचा कर किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो आणि विम्याचा हप्ताही किमतीबरोबर चढतो, त्यामुळे शोरूममध्ये दिसणारा फरक गाडी रस्त्यावर येईपर्यंत आणखी वाढतो. उरलेल्या वस्तू नंतर अधिकृत डीलरकडूनच बसवाव्यात. बाहेर वायरिंग कापले गेल्यास वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो.