‘पेपर तर सोपा होता!’

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मालवणातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून येतं. कधी आई म्हणते, कधी वडील, कधी मूल स्वतः: “पेपर तर सोपा होता, मग मार्क का नाहीत?” हे दिवस विज्ञान स्पर्धांचे. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशन ती १९८१ पासून घेते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. लेखीतून निवडक मुलंच पुढे जातात, म्हणून सगळा जीव लेखीत अडकलेला. आठवी ते दहावीची काही मुलं नोव्हेंबरमधल्या ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्याचीही तयारी करतात. त्या सगळ्या मुलांना मिळून एक उत्तर द्यावं, असं गेली दोन-तीन वर्षं मनात होतं. ते मी एका मुलीच्या निमित्ताने देते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतली, खाडीच्या तोंडावरच्या गावातली. वडिलांची स्वतःची यांत्रिक होडी. जुलै महिना होता. जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वडीलही सोबत आले होते. एरवी वडील येत नाहीत, आईच येते. आईने सुरुवात केली, “ताई, चेडू नुसता रडता. सराव परीक्षेत चाळीसातले अठरा बरोबर. आणि सर वर्गात म्हणाले, पेपर सोपो काढलेलो.”

मुलगी खाली बघत होती. मी विचारलं, “तुला कसा वाटला?”

“सोपाच. म्हणूनच तर.”

“म्हणूनच तर काय?”

“सोप्या पेपरात अठरा मिळवणारी मुलगी ढच असणार ना, मॅडम?”

या एका वाक्यात सगळा गुंता होता. मी पहिल्यापासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या बाजूची. कि. मो. फडके यांनी हे विचार मराठीत आणले आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना दिशा मिळाली. त्या वाटेवरचा पहिला धडा असा, की घडलेली गोष्ट वेगळी आणि तिच्यावरून माणसाने स्वतःला लावलेलं लेबल वेगळं. ‘अठरा बरोबर’ ही घडलेली गोष्ट. ‘ढ’ हे लेबल. पण हे चौदा वर्षांच्या मुलीला सांगून भागत नाही. ती मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा रडते. शिवाय तिच्या तर्कात मला एक जागा कच्ची दिसत होती. पेपर सोपा होता, हे तरी कुणी मोजलं होतं?

पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी सराव परीक्षेचा कागद घेऊन ये.

दुसऱ्या भेटीत तिला तोच पेपर, उत्तरं झाकून, पुन्हा वाचायला दिला. सोडवायचा नाही. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने खूण करायची: सोपा असेल तर टिंब, कठीण असेल तर फुली, सांगता येत नसेल तर रेघ. मग तिने आधी दिलेली उत्तरं आम्ही शेजारी मांडली. एकवीस टिंबं होती, त्यातली नऊ उत्तरं चुकलेली. बारा फुल्या होत्या, त्यातली चार बरोबर. सात रेघा, त्यातली दोन बरोबर. तिने दोनदा मोजलं. “सोपे म्हटलेले नऊ चुकले?” हे तिला खरंच वाटेना.

त्या नऊंपैकी एक प्रश्न इथे देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समुद्रातली होडी नदीच्या गोड्या पाण्यात आली. तिच्यावरच्या प्लावक बलाचं, म्हणजे पाणी तिला वर उचलतं त्या बलाचं, काय होईल? वाढेल, कमी होईल, तेवढंच राहील, की शून्य होईल? मुलीने ‘कमी होईल’ला खूण केली होती. गोडं पाणी हलकं असतं हे तिला माहीत होतं. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १०२५ ग्रॅम भरतं, नदीचं सुमारे १०००. पाणी हलकं म्हणजे बलही कमी, असा सरळ हिशेब तिने केला. दहा सेकंदांत उत्तर, वर सोप्याचं टिंब. प्रश्न ओळखीचा दिसतो आणि म्हणूनच फसवतो.

मी घरच्यांची परवानगी घेऊन तिच्या सरांना फोन केला. माणूस तळमळीचा. मी विचारलं, “वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी या प्रश्नाचं उत्तर किती जणांचं बरोबर आलं, मोजून सांगाल?” त्यांनी संध्याकाळी मोजून सांगितलं: पाच. मग स्वतःच म्हणाले, “मॅडम, हा मी सोप्यात धरला होता.” इथे थोडं थांबायला हवं. चार पर्याय असताना डोळे मिटून खूण केली तरी बत्तीसातली आठ-एक उत्तरं बरोबर यायला हवीत. पाचच आली. म्हणजे मुलांना उत्तर येत नव्हतं एवढंच नाही, तर चुकीचा पर्याय त्यांना ओढून नेत होता. ज्याला उत्तर ठाऊक असतं त्याला वाटेतलं वळण दिसत नाही. यात सरांचा दोष नाही, माहितीचा स्वभावच तसा. म्हणून परीक्षा बांधणारे जाणकार प्रश्नाची काठिण्यपातळी स्वतःच्या मतावर सोडत नाहीत. मुलांना सोडवायला देतात आणि शंभरातल्या किती जणांचं उत्तर बरोबर आलं ते मोजतात. हुशार गटाने आणि कच्च्या गटाने काय केलं, तेही वेगवेगळं बघतात. हुशार मुलंच जास्त चुकत असतील तर तो प्रश्न कठीण नसतो, बिघडलेला असतो.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती तिसरी भेट.

बंदी उठायला दोन-तीन दिवस होते. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मी तोच प्रश्न मुलीला मोठ्याने वाचायला सांगितला आणि वडिलांकडे वळून म्हटलं, “तुम्ही सांगा.” ते ओशाळून हसले. म्हणाले, आपण सातवीपर्यंत शिकलेलो. मी आग्रह केला. त्यांनी हाताने हवेत होडी धरल्यासारखी केली आणि म्हणाले, “होडी तितकीच जड ना? मगे पाण्यान तितक्याच उचलूक होया. नायतर ती बुडतली. खाडयेत इली की वायंच खाली बसता, ता वेगळा.”

खोलीत कुणी बोललं नाही. होडी वजनाएवढं बल घेऊनच तरंगते, फक्त हलक्या पाण्यात तेवढं बल मिळवायला थोडी जास्त बुडते. एवढं सगळं त्या दोन ओळींत आलं होतं. मुलगी वडिलांकडे टक लावून बघत होती. मला वाटलं आता म्हणेल, ‘बाबांना येतं, मला नाही.’ मी त्याची तयारीही करून बसले होते. पण ती वेगळंच बोलली.

“म्हणजे हा प्रश्न बाबांना सोपा, सरांना सोपा आणि आमच्या वर्गाला कठीण. मग पेपरावर सोपा असं लिहिलंय कुठे?”

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मी फार उशिरा शिकले आणि आता ते मला छान जमतं. ती पुढे म्हणाली, “बाबा कधी पाणी खोल आहे म्हणत नाहीत. किती वाव ते सांगतात.” वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं खोलीचं माप.

वडील म्हणाले, “आणि भरती-सुकती बघून. उधाणाक वेगळा, भांगाक वेगळा.” उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो ते दिवस.

इतक्या वर्षांत मी ‘स्वतःवर शिक्का मारू नका’ हे शेकडो वेळा, शेकडो तऱ्हांनी सांगितलं असेल. इतक्या नेमक्या शब्दांत ते मलाही सुचलं नव्हतं. खोल किंवा उथळ ही समुद्राची जात नाही. ज्याच्याजवळ जेवढी काठी आणि ज्या वेळची भरती, तेवढं पाणी. दोरी सोडायची, वाव मोजायचे. पाणी खोल लागलं म्हणून कुठला खलाशी स्वतःला नालायक म्हणतो?

आता मुलांनो आणि पालकांनो, कामाचं बोलते. रोजच्या सरावात उत्तर तपासण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: खात्री, शंका, अंदाज. नंतर खात्रीतले किती चुकले ते मोजा. मन आणि उत्तर यांच्यात किती अंतर आहे हे पंधरा दिवसांत कळतं, आणि ते अंतर कमी होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. याचा उपयोग गुणांतही होतो. ज्युनिअर ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्यावर एकच बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तराचे तीन गुण, चुकीला एक वजा. चारही पर्यायांत डोळे मिटून मारलं तर सरासरी हाती शून्य येतं. पण एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं, तर उरलेल्या तिघांतून निवडणं फायद्याचं ठरतं. ‘नक्की’ या शब्दाची किंमत अशी थेट गुणांत लागते.

ओळखीचा दिसणारा प्रश्न दोनदा वाचा. लांबलचक प्रश्नाला घाबरून फुली मारू नका. या मुलीच्या बारा फुल्यांपैकी सात प्रश्न केवळ लांब होते. त्यातले चार तिने सोडवलेच नव्हते, आणि माझ्यासमोर बसून सोडवले तेव्हा तीन आले.

पालकांनी परीक्षेच्या फाटकाशी उभं राहून ‘सोपा होता ना?’ हा प्रश्न विचारायचं थांबवावं. त्या प्रश्नाला मूल खरं उत्तर देऊच शकत नाही. दमलेलं असतं, घरी जायचं असतं, आणि शेजारचा ‘सोपा’ म्हणाला की आपणही तेच म्हणतं. विचारायचंच असेल तर ‘कुठल्या प्रश्नापाशी जास्त वेळ थांबलीस?’ असं विचारा. मूल आपोआप बोलायला लागतं. आणि पेपर खरंच कठीण निघाला तर तो सगळ्यांनाच कठीण असतो. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये पदकं ठरतात ती प्रामुख्याने क्रमानेच: वरच्या साधारण आठ टक्क्यांना सुवर्ण, रौप्यापर्यंत पंचवीस टक्के, कांस्यापर्यंत निम्मी मुलं. पेपर कठीण निघाला म्हणून पदकं कमी होत नाहीत.

शिक्षकांना एकच विनंती. ‘पेपर सोपा काढलाय’ हे वर्गात बोलू नका. तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण ज्याला जमत नाही त्याच्या कानात ते ‘तू ढ’ असं पोचतं. या मुलीच्या सरांनी आता तपासलेल्या पेपरांवर प्रश्नागणिक बरोबर उत्तरांची संख्या लिहायला सुरुवात केली आहे, आणि ती वर्गात वाचून दाखवतात.

सप्टेंबरात दुसरी सराव परीक्षा झाली. वडिलांना त्या दिवशी समुद्रावर जायचं नव्हतं म्हणून तेच न्यायला गेले होते. त्यांनी काही विचारलं नाही. मुलगीच बाईकवर बसता बसता म्हणाली, “तीस बरोबर येतील बघ, खात्रीचे सव्वीस आणि शंकेतले चार.” निकाल आला तेव्हा सत्तावीस होते. तीनने चुकल्याबद्दल ती हिरमुसली होती. ते बाप-लेकीचं बोलणं आईने मला फोनवर सांगितलं. वडील जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “वावभर हुकला तर चालता गो.”